उकळत्या गाडीची कुळकथा

मोकळ्या रस्त्यावर शंभर किलोमीटर न कुरकुरता धावलेली मोटारगाडी शहराच्या वेशीवर गर्दीत पंधरा मिनिटे अडकते आणि उकळू लागते, हे आपण पुष्कळांनी पाहिले आहे. लग्नाच्या वऱ्हाडाची जीप असो, बाजार समितीकडे भाजी घेऊन निघालेला टेम्पो असो, की देवदर्शनाला निघालेले कुटुंब असो. बॉनेटखालून वाफ येऊ लागली की सगळे खाली उतरतात, आणि ज्याला त्याला काहीतरी सुचते. कोणी म्हणतो, गार पाणी ओता. कोणी म्हणतो, रेडिएटरचे झाकण काढा. कोणी म्हणतो, इंजिन जरा रेस करा. मंडळी, यातला एक सल्ला इंजिनाच्या जिवावर बेततो, एक माणसाच्या जिवावर बेततो, आणि एक सल्ला कधीकाळी खरा होता, पण आता बहुतेक गाड्यांना लागू पडत नाही. कोणता कोणता, ते ओळखायचे असेल तर गाडी थंड ठेवण्याच्या विद्येचा इतिहास थोडा चाळला पाहिजे. कारण आज रेडिएटरभोवती जे जे भाग दिसतात, ते सगळे एकेका अडचणीला दिलेले उत्तर आहे.

आधी एक साधा हिशेब मांडू. पेट्रोलच्या रूपाने इंजिनात एक रुपयाची उष्णता टाकली, तर चाक फिरवायला त्यातले साधारण पंचवीस ते तीस पैसे उपयोगी पडतात. बराच मोठा वाटा सायलेन्सरच्या नळीतून धुराबरोबर निघून जातो. उरलेले तीसेक पैसे इंजिनाच्या अंगात मुरतात. सिलिंडरमध्ये जळणाऱ्या वायूचे तापमान क्षणभर दोन हजार अंशांच्या वर जाते, आणि दट्ट्या ज्या अ‍ॅल्युमिनियमचा केलेला असतो ते ६६० अंशांना वितळते. तेव्हा ही मुरलेली उष्णता कोणीतरी सतत उचलून बाहेर नेऊन टाकली पाहिजे. या कामावर दोन गडी असतात. पहिला गडी पाणी. तो उष्णता इंजिनापासून रेडिएटरपर्यंत आणतो. दुसरा गडी वारा. तो ती रेडिएटरपासून पुढे उडवून देतो. दोघांपैकी एकाने जरी हात आखडला, तरी माल साचतो आणि गाडी तापते. हे दोन गडी ध्यानात ठेवा. पुढची सगळी कथा त्यांचीच आहे.

जर्मनीतल्या मानहाइम शहरात कार्ल बेन्झ याने तीन चाकांची मोटारगाडी तयार केली आणि २९ जानेवारी १८८६ रोजी तिच्या पेटंटसाठी अर्ज केला. तिचे इंजिन एका अश्वशक्तीचेसुद्धा नव्हते. ते थंड ठेवण्याची युक्ती चुलीवरच्या आधणासारखी होती. इंजिनाभोवतीचे पाणी उकळू द्यायचे, वाफ जाऊ द्यायची आणि पाणी आटले की वरून नवे ओतायचे. पाण्याची वाफ होताना ती पुष्कळ उष्णता घेऊन जाते. माठातले पाणी गार होते ते याच न्यायाने. युक्ती शास्त्राला धरून होती, पण गाडीची तहान फार.

ही तहान कोणी अनुभवली? बेन्झची पत्नी बर्था हिने. ऑगस्ट १८८८ मध्ये नवऱ्याला न सांगता ती आपल्या दोन मुलांना घेऊन मानहाइमहून माहेरी, फोर्झहाइमला, याच जातीच्या गाडीतून गेली. अंतर शंभर किलोमीटरांहून अधिक. इंधन संपले तेव्हा ते तिने वीस्लोख गावच्या औषधाच्या दुकानातून विकत घेतले. इंधनाची नळी तुंबली ती टोपीच्या पिनेने मोकळी केली. आणि वाटेत जिथे जिथे पाणी मिळेल तिथे तिथे थांबून गाडीला पाणी पाजले. मोटारीच्या पहिल्या लांब प्रवासाची हकिकत ही अशी पाण्याच्या शोधाची हकिकत आहे. त्या रस्त्यावर दुसरी मोटारगाडी नव्हती. कोंडी म्हणजे काय, हे बर्थाबाईंना ठाऊकच नव्हते.

इंजिने जोरकस होऊ लागली तशी ही युक्ती अपुरी पडली. पस्तीस अश्वशक्तीच्या इंजिनाला विहीरच बरोबर घेऊन हिंडावे लागले असते. तेव्हा पाणी उकळून फेकण्याऐवजी तेच पाणी निववून पुन्हा वापरावे, हा विचार पुढे आला. डाइमलर कंपनीचा कुशल अभियंता विल्हेल्म मायबाख याने १९०० साली पहिल्या मर्सिडीज गाडीसाठी मधमाश्यांच्या पोळ्यासारखा रेडिएटर बनवला. त्यात आठ हजारांहून अधिक बारीक चौकोनी नळ्या होत्या. प्रत्येकीचे तोंड सहा मिलिमीटरचे. नळ्यांच्या आतून वारा जायचा आणि बाहेरून पाणी फिरायचे. एवढ्या मोठ्या इंजिनाला सुमारे नऊ लिटर पाणी पुरू लागले. शाळेत आपण शिकवतो ना, की ओले धोतर घडी घालून ठेवले तर वाळत नाही, पसरले तर पटकन वाळते? इथेही तेच. पृष्ठभाग जितका मोठा, तितकी देवघेव लवकर.

पण मायबाखने आणखी एक गोष्ट केली, आणि आपल्या आजच्या विषयाचा गाभा तिथेच आहे. त्याने रेडिएटरच्या मागे एक छोटा पंखा बसवला. गाडी वेगात असताना वारा आपण होऊन जाळीतून शिरतो, त्याला बोलवावे लागत नाही. गाडी सावकाश चालली की तोच वारा पडतो. पंखा होता तो या सावकाश चालीसाठी. म्हणजे मोटारगाडीला वयाची पंधरा वर्षे पुरी होण्याच्या आतच तिची ही दुखरी जागा एका माणसाने अचूक हेरली होती.

पुढे मोटार श्रीमंतांच्या अंगणातून सामान्यांच्या दारी आली. अमेरिकेत हेन्री फोर्डची मॉडेल टी ही गाडी १९०८ साली निघाली आणि १९२७ पर्यंत अशा दीड कोटी गाड्या बनल्या. अगदी सुरुवातीच्या काही गाड्या सोडल्या तर तिला पाण्याचा पंपच नव्हता. तापलेले पाणी हलके होऊन वर चढते आणि निवलेले जड होऊन खाली उतरते, एवढ्या निसर्गनियमावर पाणी आपोआप फिरत असे. भातासाठी ठेवलेल्या आधणात पाणी खालीवर होते, तसेच. स्वस्त आणि साधी रचना. मात्र पाण्याची पातळी वरच्या नळीखाली गेली की फेरा तुटायचा, आणि चढणीवर ही गाडी उकळायची.

गाड्या वाढल्या तसे रस्ते भरले. ५ ऑगस्ट १९१४ रोजी अमेरिकेतल्या क्लीव्हलंड शहरात चौकात विजेचे तांबडे-हिरवे दिवे लागले. दिवा लागला म्हणजे गाडी उभी राहिली. आणि गाडी उभी राहिली तरी इंजिन सुरूच. सुमारे याच काळात बॉईस मोटोमीटर नावाचे एक उपकरण चालले. ते रेडिएटरच्या झाकणावर बसवलेले तापमापक होते आणि चालकाला आपल्या जागेवरून काचेतून दिसायचे. आज डॅशबोर्डवर तापमानाचा जो काटा असतो, त्याचा हा पूर्वज. गाडी चालवणाऱ्याने रस्त्याबरोबर गाडीच्या तापाकडेही लक्ष ठेवायचे, ही सवय तिथून लागली.

आता पाण्याच्या गड्याकडे वळू. निसर्गाच्या भरवशावर फिरणारे पाणी मोठ्या इंजिनांना पुरेना, म्हणून पंप सर्रास आला. मग उलटी अडचण उभी राहिली. इंजिन फार थंड राहिले तरी वाईट. इंधन नीट जळत नाही आणि भाग झिजतात. त्यावर उत्तर म्हणजे थर्मोस्टॅट. १९३० च्या दशकात सर्जियस व्हर्नेट याने मेणाच्या गोळीचा थर्मोस्टॅट काढला. ठरावीक तापमानाला, बहुतेक गाड्यांत ८० ते ९० अंशांच्या दरम्यान, आतले मेण वितळून फुगते, खिटी ढकलते आणि रेडिएटरकडची वाट उघडते. वीज नाही, तार नाही, नुसते मेण. आपल्याकडे काही जण, "आपला मुलूख उष्ण, हे कशाला हवे?" असे म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकतात. तसे करू नये. इंजिन गारठून पेट्रोल जास्त खाते; आणि काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट नसला की गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनातच शिरते.

यानंतर आले दाबाचे झाकण. दुसऱ्या महायुद्धानंतर ते घरोघरच्या गाड्यांत रूढ झाले. त्याचे तत्त्व आपल्या स्वयंपाकघरातच आहे. महाबळेश्वरला हवेचा दाब कमी, म्हणून तिथे पाणी ९६ अंशांच्या आसपासच उकळते. कुकरमध्ये दाब वाढतो, म्हणून तिथे ते १२० अंशांपर्यंत उकळत नाही. रेडिएटरचे झाकणही जवळजवळ कुकरइतकाच दाब धरून ठेवते. त्यामुळे पाणी शंभराच्या वर गेले तरी पाणीच राहते. पण आता विचार करा. ११० अंशांचे पाणी आत दबा धरून बसले आहे आणि कोणी झाकण फिरवले. दाब गेला की ते सगळे एका क्षणात उकळते. एक लिटर पाण्याची वाफ झाली तर ती सोळाशे लिटरांहून अधिक जागा मागते. तोंड, छाती, हात भाजण्याचे अपघात होतात ते असे. माणसाच्या जिवावर बेतणारा सल्ला म्हणतात तो हाच. शिट्टी चालू असताना कुकर उघडायचा नाही, हे घरातल्या पोरांनाही कळते. गाडीचे झाकण हा तसाच कुकर आहे.

पाण्यात मिसळायचे कूलंटही या काळात रुळले. त्यातला मुख्य पदार्थ एथिलीन ग्लायकॉल. तो पाण्याचा उत्कलनबिंदू वाढवतो, थंड मुलखात पाणी गोठू देत नाही, आणि त्यातली इतर द्रव्ये गंज धरू देत नाहीत. विहिरीचे किंवा बोअरचे जड पाणी वर्षानुवर्षे ओतले, तर आत क्षारांचा थर बसतो आणि बारीक नळ्या बुजतात. मात्र एक बजावून सांगतो. हे द्रव्य चवीला गोड आणि पोटात गेले तर विषारी असते. अंगणात सांडलेले कूलंट कुत्रे चाटते, वासरू चाटते, लहान मूलही बोट लावते. डबा उंचावर ठेवा आणि सांडलेले लगेच धुऊन काढा.

आता वाऱ्याच्या गड्याचा शेवटचा अध्याय. जुन्या गाड्यांत पंखा आणि पाण्याचा पंप हे दोन्ही इंजिनावरच्या पट्ट्याने फिरत. कुर्ल्याच्या कारखान्यात बनणारी फियाट, जिला पुढे पद्मिनी हे नाव मिळाले आणि जी मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून २०२३ पर्यंत रस्त्यावर होती, ती याच जातीची. या रचनेत एक गोम होती. गर्दीत गाडी उभी राहिली की इंजिन मंद होते. इंजिन मंद झाले की पट्टा मंद. पट्टा मंद झाला की पंखाही मंद आणि पंपही मंद. वाऱ्याची गरज सर्वांत जास्त, नेमका तेव्हाच वारा सर्वांत कमी! म्हणून जाणते चालक गाडी न्यूट्रलमध्ये घेऊन अ‍ॅक्सिलरेटर किंचित दाबत, म्हणजे पंखा जोरात फिरे. इंजिन रेस करण्याचा सल्ला जन्मला तो इथे, आणि त्या गाड्यांपुरता तो खरा होता.

पुढे इंजिने गाडीत आडवी बसू लागली. पट्ट्याचा पंखा रेडिएटरसमोर येईना, म्हणून विजेच्या मोटरवर फिरणारा पंखा आला. आपल्याकडे डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० ने ही रचना घरोघरी नेली. हा पंखा इंजिनाच्या गतीवर अवलंबून नसतो. पाणी ठरावीक तापमानाला पोचले की तो आपण होऊन सुरू होतो, निवले की थांबतो. तेव्हा अशा गाडीत इंजिन रेस करून पंख्याला काही मदत होत नाही. उलट आत आणखी उष्णता मात्र निर्माण होते.

इतिहास इथवर आणून आता निदानाकडे येऊ. वैद्य जसा आधी विचारतो, "ताप कधी चढतो?", तसेच गाडीला विचारायचे. गर्दीत चढतो आणि मोकळ्या रस्त्यावर उतरतो? मग दोष बहुधा वाऱ्याचा. पाण्याचा फेरा चालू आहे, म्हणून तर वारा मिळताच गाडी निवते. उलट, मोकळ्या रस्त्यावर वेगात असताना किंवा घाटाच्या चढणीवर तापते? मग वारा आहे, पण पाणी पुरेसे फिरत नाही. रेडिएटर आतून बुजला असेल, पाणी कमी असेल किंवा पंप थकला असेल. सुरू केल्यावर थोड्याच वेळात काटा वर जातो, आणि रेडिएटरची वरची नळी मात्र थंडच राहते? मग थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला असावा. पाणी कुठे गळताना दिसत नाही तरी कमी होते, सायलेन्सरमधून सतत पांढरी वाफ येते, ऑइल दुधाच्या चहासारखे दिसते? मग हेड गॅस्केट फाटलेले असण्याचा संभव. अशी गाडी चालवू नये. ती टोचन करून गॅरेजमध्ये न्यावी.

गर्दीतल्या तापाची तपासणी स्वस्तापासून महागाकडे करावी. गाडी पूर्ण थंड असताना पाण्याची पातळी पाहावी. रेडिएटरच्या जाळीत चिखल, कीटक, कचरा अडकला आहे का, पाहावे. असेल तर इंजिनाच्या बाजूने पुढच्या बाजूला हलक्या धारेने पाणी मारावे. जोराच्या धारेने पातळ पापुद्रे वाकतात. मग गाडी उभ्या जागी चालू ठेवून काट्यावर नजर ठेवावी. काटा नेहमीच्या जागेच्या वर सरकला तरी विजेचा पंखा फिरत नसेल, तर आधी फ्यूज, मग रिले, मग वायरचे जोड, मग तापमानाचा स्विच, आणि शेवटी पंख्याची मोटर. ए.सी. असलेल्या बहुतेक गाड्यांत ए.सी. लावताच पंखा सुरू व्हायला हवा, ही सोपी परीक्षा आहे. त्या परीक्षेत पंखा फिरला आणि तापल्यावर मात्र फिरत नसेल, तर मोटर शाबूत आहे; स्विचकडे पाहा. पट्ट्याच्या पंख्यात पट्टा सैल झाला आहे का, तडकला आहे का, ते इंजिन बंद ठेवूनच पाहावे. पंख्याभोवतीचे प्लॅस्टिकचे वेष्टण कोणी काढून टाकले असेल तर ते परत बसवावे. त्याच्यामुळे पंखा सगळा वारा जाळीतूनच ओढतो.

शेतकरी बंधूंनी इथे आपल्या ट्रॅक्टरची आठवण ठेवावी. मळणी यंत्राला जोडलेला ट्रॅक्टर तासन्‌तास एका जागी उभा राहून राबतो. ती एक प्रकारची कोंडीच. समोरून येणारा वारा नाही, आणि वर भुशाचा मारा. भुसा पुढच्या जाळीवर गोधडीसारखा बसतो. दर काही वेळाने इंजिन बंद करून जाळी झाडली, तर पुष्कळ इंजिने वाचतील.

आणि वाटेत गाडी तापलीच तर? काटा वर चढू लागताच ए.सी. बंद करा आणि हीटर पूर्ण गरमवर लावा. उकाडा होईल खरा, पण हीटर हा छोटा रेडिएटरच असतो. तो इंजिनाची थोडी उष्णता काढून घेतो. काटा तांबड्या रेषेला टेकला किंवा वाफ दिसली, की पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत जाऊ, असे म्हणू नका. बाजूला घ्या, इंजिन बंद करा. पंख्याजवळ हात नेऊ नका. विजेचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरतो. झाकणाला निदान अर्धा तास हात लावू नका. नंतरही जाड फडक्याने धरून, तोंड दूर ठेवून, सावकाश फिरवा. तापलेल्या इंजिनात गार पाणी भसकन ओतू नका, नाहीतर हेड तडकते. इंजिनाच्या जिवावर बेतणारा तो सल्ला हाच. इंजिन निवल्यावर थोडे थोडे पाणी घाला. साधे पाणी घालून गाडी घरी आणता येते, पण नंतर कूलंट योग्य प्रमाणात भरून घ्या.

शिक्षक मित्रांना एक विनंती आहे. गॅरेजमधून एक जुना थर्मोस्टॅट मागून आणा. पातेल्यात पाणी घेऊन, दोऱ्याने तो आत टांगा, शेजारी तापमापक धरा आणि पाणी सावकाश तापवा. चांगला असेल तर त्याच्यावर कोरलेल्या अंशांच्या आसपास त्याची झडप उघडताना मुलांना डोळ्यांनी दिसेल. प्रसरण, उत्कलन, दाब, पृष्ठभाग असे चार धडे एका पातेल्यात होतील. यातली काही मुले पुढे ट्रॅक्टर चालवतील, काही टेम्पो, काही स्वतःचे गॅरेज टाकतील. वाफाळत्या गाडीभोवती एखाद्या दिवशी माणसे जमतील आणि कोणाचा तरी हात झाकणाकडे जाईल, तेव्हा त्यांच्यातलाच एक पुढे होऊन म्हणेल, "थांबा, हात लावू नका. आधी सांगा, ही गर्दीत तापते की मोकळ्यावर?"